दार वाकवू नका, पिन-बुश बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वडापच्या जीपमध्ये, काळ्या-पिवळ्या गाडीत किंवा घरच्याच पंधरा-वीस वर्षे जुन्या गाडीत बसताना 'दार जरा उचलून ओढा' ही सूचना आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ऐकली असेल. दार उचलून लावण्याची सर्वांना इतकी सवय झाली आहे की तो बिघाड आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक वेळा त्यामागे बिजागरीची झिजलेली पिन आणि तिच्याभोवतीचा संपलेला बुश, म्हणजे पिन जिच्यात फिरते ती छोटी नळी, असतो. दाराखाली टॉमी (लोखंडी पहार) किंवा फळी घालून दार वर वाकवणे हा त्यावरचा सर्रास चालणारा इलाज, आणि तो गाडीचे कायमचे नुकसान करतो. खरा इलाज तालुक्याच्या गावातला कोणताही हुशार फिटर एका दिवसात करू शकतो, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी बिजागरीची रचना. तिला दोन पाती असतात, एक पिलरला (दाराशेजारच्या गाडीच्या उभ्या खांबाला) आणि एक दाराला. एका पात्याच्या भोकात पिन घट्ट बसते. त्यासाठी तिच्या डोक्याखाली बारीक उभे दाते काढलेले असतात. दुसऱ्या पात्यात पितळी किंवा गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश असतात आणि पिन त्यांत फिरते. बुश पिनेपेक्षा मऊ ठेवलेला असतो, म्हणजे झीज व्हायची ती त्याचीच व्हावी. तेल मिळत राहिले तर ही व्यवस्था वर्षानुवर्षे टिकते. तेल थांबले आणि धूळ आत गेली की आधी बुश जातो, मग पिन थेट लोखंडावर घासू लागते, आणि शेवटी पात्याचे भोकच लांबट होते. काम पहिल्या पायरीवर धरले तर स्वस्तात होते. तिसऱ्या पायरीवर कधी कधी बिजागरीच बदलावी लागते.

झीज दिसायला क्षुल्लक असते, म्हणून तिचा हिशेब मांडून दाखवतो. दोन बिजागऱ्यांमधले उभे अंतर ४० सेंमी आणि दाराची लांबी १०० सेंमी धरू. दाराच्या वजनाने वरची बिजागरी मागे खेचली जाते आणि खालची पिलरकडे दाबली जाते. वरच्या पिनेत अर्धा मिलिमीटर आणि खालच्या पिनेत अर्धा मिलिमीटर ढिलाई असेल तर दोन्ही मिळून एक मिलिमीटर झाली. दार मात्र लॉकच्या कडेला अडीच मिलिमीटर खाली येते. बुशची कॉलर (टोकाची रुंद कड) झिजली असेल तर तिच्या जाडीएवढे दार आणखी खाली बसते, म्हणजे साडेतीन-चार मिलिमीटर. एवढ्यात लॉक खुंटाच्या (चौकटीवरच्या, लॉक ज्याला पकडते त्या दांड्याच्या) मध्यावर न येता त्याच्या कडेवर आपटते. पुढे खुंट घासतो, लॉकचा जबडा घासतो, दार एका खटक्यावरच अडते. दार लागल्यासारखे दिसते, पण ते अर्ध्या लॉकवर असते.

अर्धे लॉक किती कच्चे, हे मानकांतल्या आकड्यांवरून कळते. अमेरिकेत १९६८ पासून लागू असलेल्या २०६ क्रमांकाच्या वाहन-सुरक्षा मानकात पूर्ण लागलेल्या लॉकने गाडीच्या लांबीच्या दिशेने सुमारे ११,००० न्यूटन, म्हणजे अकराशे किलोंहून अधिक ओढ सोसावी अशी अट आहे. अर्ध्या लॉकसाठी हीच अट सुमारे ४,४५० न्यूटन, म्हणजे साडेचारशे किलोंची आहे. बिजागऱ्यांनाही लांबीच्या दिशेने अकरा हजार आणि आडव्या दिशेने नऊ हजार न्यूटनच्या आसपासची कसोटी आहे. टक्कर झाली किंवा गाडी उलटली तर माणसाला आत ठेवण्याचे काम याच तीन ठिकाणांवर, दोन बिजागऱ्या आणि एका लॉकवर असते. तेव्हा झिजलेल्या पिनेच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला खिळा ठोकणाऱ्याने हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत.

आता दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखायचे ते सांगतो. दार अर्धे उघडा. लॉकच्या बाजूने खालची कड दोन्ही हातांनी धरून दार वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला बॅटरी घेऊन बिजागरीकडे बघायला सांगा. दोन पाती एकमेकांत हलत असतील तर पिन-बुश गेले. दोन्ही पाती एकत्र, पिलरच्या पत्र्यासकट हलत असतील तर बोल्ट सैल आहेत, पिलरच्या आतली नट-पट्टी सुटली आहे किंवा पत्रा गंजून फाटला आहे. अशा वेळी पिन बदलून काही उपयोग नाही. आधी पिलरचे काम. या दोन दोषांची गल्लत फार होते, म्हणून बोट सांध्यावर ठेवून खात्री करावी. डोळ्यांपेक्षा बोटाला हालचाल लवकर कळते. दोन्ही बिजागऱ्या तपासाव्यात. बहुधा वरची जास्त गेलेली असते, कारण उतरणारा माणूस दाराला धरून आपले वजन टाकतो. वडापच्या गाडीत तर चढतानाही दाराचाच आधार घेतला जातो.

पिनेचे टोकही पाहावे. टोकाला सरक्लिप (पिन अडवणारी स्प्रिंगची कडी) असेल किंवा पिन नुसती दात्यांवर बसलेली असेल तर ती ठोकून निघते. पुष्कळ छोट्या मोटारींत पिनेची दोन्ही टोके कारखान्यातच फुलवलेली असतात. ती ग्राइंडरने कापून नवी पिन घालण्यापेक्षा पूर्ण बिजागरी बोल्ट काढून बदलणे बरे. काही जुन्या गाड्यांत दार उघडे धरून ठेवण्यासाठी बिजागरीतच जाड स्प्रिंग असते. ती दाबून धरण्याचे साधन नसेल आणि डोळ्यांवर चष्मा नसेल तर हात लावू नये. ती सुटली की गोळीसारखी जाते.

सुटे भाग किती लागतात? एका बिजागरीला एक पिन आणि दोन बुश, म्हणजे एका दाराला दोन पिना व चार बुश. चारही दारांचे काम करायचे तर आठ पिना आणि सोळा बुश. काही बिजागऱ्यांत एकच लांब बुश असतो, म्हणून खरेदीपूर्वी एक बिजागरी उघडून पाहावी. पिन साधारण ८ ते १० मिमी व्यासाची असते, पण अंदाजाने घेऊ नये. जुन्या पिनेचे माप तिच्या न झिजलेल्या जागी, डोक्याजवळ किंवा पात्यात दडलेल्या भागावर घ्यावे. मधोमध मोजले तर झिजलेले माप मिळते आणि नवी पिन पहिल्या दिवसापासून ढिली बसते.

पद्मिनी कधीच बंद झाली, ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, जुन्या जीपचे कितीतरी भाग आता दुकानात मिळत नाहीत. अशा वेळी लेथवाल्याकडून पिन-बुश करून घेण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त सांगायचे काय ते माहीत हवे. पिन ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाची करावी. साधी लोखंडी सळई मऊ पडते आणि लवकर खाचते. तिचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने गुळगुळीत करून घ्यावा, कारण लेथच्या खुणा राहिल्या तर त्या कानशीसारख्या बुश खातात. बुश गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचा, भिंत एक ते दीड मिमी, एका टोकाला कॉलर. बाहेरचा व्यास पात्याच्या भोकापेक्षा ०.०३ ते ०.०५ मिमी मोठा, म्हणजे तो दाबूनच बसला पाहिजे. आतले भोक पिनेपेक्षा ०.०२ ते ०.०५ मिमी मोठे. मात्र बुश दाबून बसवला की आतून थोडा आवळतो. त्यामुळे आतले अंतिम माप बसवल्यानंतर रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) करायचे असते, आधी लेथवर नाही. दुकानातला बुश तेल मुरवलेल्या सच्छिद्र ब्राँझचा असेल तर त्याला रीमर लावू नये. छिद्रे बुजतात आणि त्याचा मूळ गुणच जातो.

कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सुट्या बिजागऱ्या मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण त्याही तितक्याच वर्षांच्या गाडीतून निघालेल्या असतात. पिन हाताने हलवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. प्रवाशाच्या बाजूच्या खालच्या बिजागऱ्या त्यातल्या त्यात बऱ्या निघतात. ड्रायव्हरच्या बाजूची वरची बिजागरी शक्यतो टाळावी.

प्रत्यक्ष कामाची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. पिनेच्या दोन्ही टोकांवर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी पुन्हा एकदा टाकावे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकाखाली लाकडी ठोकळा लावून उभी करावी. काच पूर्ण वर घ्यावी. दारात स्पीकर किंवा पॉवर विंडोच्या वायरी असतील तर बॅटरीची वायर काढून मगच त्यांचे जोड सोडवावेत. दार वायरींवर लटकू देऊ नये. दार जास्त उघडू न देणारी चेक पट्टी आधीच मोकळी करावी. दोन्ही पात्यांच्या कडेने पत्र्यावर टोकदार खिळ्याने खूण करून ठेवावी. बोल्ट सोडवावे लागलेच तर पाते जुन्या जागी आणता येते.

दाराचे वजन वीस-तीस किलो सहज भरते. ट्रॉली जॅकवर फळी, तिच्यावर घडी घातलेले पोते, आणि जॅक दाराच्या मध्यापासून थोडा मागे, लॉकच्या बाजूला. जॅक इतकाच वर घ्यायचा की बिजागरीवरचा भार हलका होईल. दार वर ढकलले जाऊ लागले तर पिन उलट्या बाजूने आवळते आणि निघत नाही. पिन नुसती काढून जुन्या बुशमध्येच नवी घालायची असेल तर एक काढा, एक घाला, असे करता येते. बुश बदलायचे तर दार उतरवावेच लागते, आणि तेव्हा दोन माणसे हवीतच. आधी खालची पिन काढावी, वरची शेवटी. उलटे केले तर दाराचा वरचा भाग बाहेर कलंडतो आणि खालचे पाते पिरगळते.

पिन ठोकायला सपाट तोंडाचा पंच घ्यावा, पिनेपेक्षा एक मिमी बारीक. दात्यांची बाजू कोणती हे पाहून त्याच्या विरुद्ध टोकाकडून ठोकावे. हलक्या हातोडीच्या वीस फटक्यांपेक्षा जड हातोडीचा एक नीट फटका चांगला. हलक्या फटक्यांनी टोक फुलते आणि मग ते भोकातून जात नाही. फुललेच तर कानशीने उतरवून घ्यावे. तरीही पिन हलत नसेल तर दोन पात्यांच्या फटीतून हॅकसॉचे पाते घालून ती मधोमध कापावी आणि दोन तुकडे वेगळे काढावेत. गॅसची ज्योत शेवटचा उपाय. पिलरच्या आतून वायरी जातात, मागे रबर, फोम, कार्पेट असते. ज्योत लावायचीच तर आतले अस्तर उघडून, ओले फडके लावून आणि जवळ पाण्याची बादली ठेवून. आमच्या मते हॅकसॉ असताना ज्योतीची गरज क्वचितच पडते.

पिन निघाली की जुने बुश बाहेर ठोकून भोक साफ करावे आणि व्हर्निअरने दोन दिशांनी मोजावे, एकदा गाडीच्या लांबीच्या दिशेने आणि एकदा आडवे. दोन मापांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर भोक लांबट झाले आहे. त्यात नवा बुश सैल बसेल, फिरेल आणि काही महिन्यांत पुन्हा तीच तक्रार येईल. मग भोक रीमरने गोल करून तेवढ्या मोठ्या बाहेरच्या व्यासाचा बुश करून घ्यावा. भोकाभोवती धातू पातळ उरत असेल तर ते पाते टाकून द्यावे. ज्या भोकात पिनेचे दाते धरतात तेही तपासावे. तिथली पकड गेली असेल तर पिन बुशमध्ये न फिरता पात्यात फिरते आणि नवा बुश नवाच राहून पाते झिजते. लेथवाल्याकडून पिनेच्या त्या भागाला जाडसर नर्लिंग (खरखरीत दाते) करून घेतले की पकड परत येते.

नवा बुश हातोडीने ठोकण्याचा मोह टाळावा. पातळ भिंतीचा बुश तिरका जातो किंवा त्याची कड मुडपते. लांब बोल्ट, नट आणि दोन जाड वायसर घ्यावेत, बुश भोकाच्या तोंडाशी धरावा आणि नट आवळत तो सरळ आत ओढावा. कॉलर दोन पात्यांच्या मधल्या बाजूला आली पाहिजे, कारण दाराचे वजन तिच्यावरच टेकते. कॉलर बाहेरच्या बाजूला बसवलेली कामे वारंवार दिसतात. अशा दारात पाते पात्यावर घासते, करकर आवाज येतो आणि दार कॉलरच्या जाडीएवढे खाली राहते. दोन्ही बुश बसल्यावर रीमर दोन्हींतून एकाच ओळीत घालावा. वेगवेगळे रीम केले तर पिन एकात सैल आणि दुसऱ्यात आवळ होते.

बसवताना क्रम उलटा, वरची पिन आधी. जॅकने दार इतके नेमके आणावे की निमुळता पंच दोन्ही पात्यांतून हाताने आरपार जाईल. मग पिनेला ग्रीस लावून तीही हाताने सरकवावी. फक्त दात्यांचा शेवटचा भाग हातोडीने बसवायचा. त्याआधीच ठोकावे लागत असेल तर भोके ओळीत नाहीत. थांबून जॅक वर-खाली करावा. पिनेने जबरदस्तीने भोके ओळीत आणली तर ती जाताजाता नव्या बुशचा पापुद्रा सोलून नेते. जागा असेल तिथे पिनेचे डोके वर ठेवावे. मग पकड गेली किंवा सरक्लिप पडली तरी पिन आपल्या वजनाने खाली गळत नाही.

यानंतरचा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि मग 'नवीन पिना घालूनही दार लागत नाही' अशी तक्रार येते. दार जसजसे खाली येत गेले तसतसा कोणीतरी लॉकचा खुंट खाली घेत गेलेला असतो. आता दार मूळ उंचीवर आले, खुंट मात्र खालीच. म्हणून खुंट काढून टाकावा आणि दार नुसते लावून पाहावे. चारही बाजूंची फट साधारण सारखी, चार-पाच मिलिमीटरची हवी आणि पत्रा शेजारच्या पत्र्याशी सपाट यायला हवा. तसे नसेल तरच बिजागरीचे बोल्ट अर्धे सैल करून दार सरकवावे. मग खुंट हलका आवळून, बाहेरचे हँडल ओढून धरून दार हळू लावावे, खुंट आपली जागा घेईल. खुंट न हलवता दार पुन्हा उघडावे आणि खुंट पक्का आवळावा. दार लावताना दोन स्पष्ट खटके ऐकू आले पाहिजेत. एकच आला तर दार अर्ध्या लॉकवर आहे. खुंट किंचित बाहेर घ्यावा. रबर बीडिंग कडक झाले असेल तरी दुसरा खटका बसत नाही, तेव्हा तेही पाहावे.

चुकीच्या इलाजांबद्दल दोन शब्द. दाराखाली फळी घालून वर वाकवले की लॉक काही दिवस जुळते. पण त्यात वाकतात ती पाती किंवा पिलरचा पत्रा, झिजलेला बुश तसाच राहतो. दार पुन्हा खाली येते, पुन्हा वाकवले जाते, आणि दोन-तीन वेळांनंतर पिलरच्या भोकाभोवती चिरा दिसू लागतात. पिन पात्याला वेल्डिंग करणे हाही असाच प्रकार. वेल्डिंगच्या उष्णतेने पिन बुशमध्ये जाम होते, आणि मग दार उघडताना पिळ बसतो तो पिलरला. शिवाय पुढच्या कारागिराला ती काढता येत नाही. पूर्ण आट्यांचा बोल्ट पिनेऐवजी घातला तर आटे बुश कुरतडतात. पिन अर्धी फिरवून न झिजलेली बाजू पुढे आणण्याची जुनी युक्ती आहे. नवी पिन मिळेपर्यंत ती ठीक, पण लांबट झालेला बुश तसाच राहतो.

देखभाल अगदी थोडी लागते. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा बिजागरी फडक्याने पुसून, पिनेच्या सांध्यात इंजिन ऑइलचे चार थेंब सोडून दार दहा-पंधरा वेळा उघडझाप करावे. नुसते बाहेरून थापलेले ग्रीस आत शिरत नाही, उलट धूळ धरून ठेवते. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे दर दोन महिन्यांनी करावे. गाडी रंगवताना बिजागरीवर रंग मारू देऊ नये. तो सांध्याची फट बंद करतो आणि नंतर तेल आत जात नाही.

शेवटी संबंधितांकडे दोन मागण्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते. प्रवासी वाहनाला ८ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. या तपासणीत प्रत्येक दार अर्धे उघडून उचलून पाहणे आणि दुसरा खटका ऐकणे सक्तीचे करावे. त्याला दाराला अर्धा मिनिटही लागत नाही, यंत्रही लागत नाही. दुसरी मागणी सुट्या भागांच्या उत्पादकांकडे. ज्या गाड्यांची पिन ठोकून निघते, त्यांचे पिन-बुश पूर्ण बिजागरी घेण्याची सक्ती न करता वेगळ्या पाकिटात, व्यास आणि लांबी छापून विकावेत. आपल्या वाहनविषयक पुरवणीत बिजागरीच्या मापांचा तक्ता, गाडीच्या मॉडेलनुसार, छापता आला तर गावोगावच्या फिटरांना आणि लेथवाल्यांना तो भिंतीवर लावता येईल. मापे मोजून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले नम्र,
जुन्या गाड्यांची बॉडीकामे करणारे काही कारागीर, सातारा